सीसी वाढले की किक जड होते का? ट्रायल्स बाईकच्या किकमागचं गणित

रील स्क्रोल करताना एखादा व्हिडीओ तुमच्याही समोर आला असेल. सीट नसलेली, सायकलसारखी बारीक बाईक. तिच्यावर उभा असलेला रायडर पुरुषभर उंचीच्या दगडासमोर थांबतो, श्वास घेतो आणि दुसऱ्या क्षणाला बाईकसकट वर. खाली कमेंटमध्ये निम्मे लोक म्हणतात एडिटिंग आहे, उरलेले विचारतात ही गाडी किती सीसीची.

एडिटिंग नसतं. या खेळाचं नाव मोटरसायकल ट्रायल्स. यात वेगाला किंमत नाही, तोलाला आहे. दगड, ओढे, चिखल, झाडांची मुळं अशा छोट्या छोट्या टप्प्यांतून गाडी न्यायची आणि पाय जमिनीला लावायचा नाही. एकदा पाय टेकला की १ गुण दंड, दोनदा टेकला की २, तीन किंवा जास्त वेळा टेकला की ३, आणि टप्पा फसला की ५. ज्याचा दंड सगळ्यात कमी, तो जिंकला.

आता त्या सीसीच्या प्रश्नाकडे येऊ. या गाड्या साधारण १२५ ते ३०० सीसीच्या असतात, वजन फक्त ६५ ते ७५ किलो. आणि वजन वाचवायचं म्हणून त्यातल्या बहुतेकांना बॅटरी नसते, स्टार्टर मोटर नसते. म्हणजे जगज्जेता असो की काल गाडी घेतलेला कॉलेजचा पोरगा, दोघांनाही किकच मारावी लागते.

पुन्हा इथे नियमाची एक मेख आहे. टप्प्यात असताना इंजिन बंद पडलं आणि त्याच वेळी पाय जमिनीला लागला, तर थेट ५ गुण दंड. दिवसभरात असं चार-पाच वेळा झालं की दमलेल्या पायाने, उतारावर, अडनिड्या जागी उभं राहून किक मारत बसावं लागतं. त्यामुळे नवी गाडी घेताना युरोपातला हौशी रायडर एक प्रश्न हमखास विचारतो : ३०० घेतली तर किक झेपेल ना? वजनाने हलके रायडर विचारतात, उंचीने कमी असलेले विचारतात आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेले साठीचे काकाही विचारतात. या खेळात अशा काकांची संख्या बरीच आहे.

उत्तर समजून घ्यायला आधी किक मारताना नक्की काय होतं ते बघू.

किकचा दांडा खाली दाबला की आतले गिअर क्रँक फिरवतात आणि पिस्टन वर जातो. वर जाताना सिलेंडरमधली हवा दाबली जाते. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने बंद करून दांडा दाबला की जसा तो आतून ढकलतो, तसंच. पायाला जो ‘खट्’ असा अडथळा लागतो, तो हाच. मेकॅनिक त्याला नुसतं ‘कॉम्प्रेशन’ म्हणतात.

आता १२५ आणि ३०० या दोन्ही इंजिनांत हवा समजा दहापट दाबली जाते. दाब दोघांतही सारखाच तयार होतो. फरक पडतो तो दाब ज्यावर पडतो त्या पिस्टनचा. ट्रायल्सच्या १२५ सीसी इंजिनाचा पिस्टन साधारण ५४ मिलीमीटर व्यासाचा असतो, ३०० सीसीचा ७९ मिलीमीटरपर्यंत जातो. व्यासातला फरक दिसायला थोडा आहे, पण पिस्टनच्या माथ्याचं क्षेत्रफळ दुपटीहून जास्त होतं. त्यात पिस्टनचा वर-खाली प्रवासही थोडा वाढतो. म्हणजे पायाला लागणारा अडथळा सरळ सीसीच्या प्रमाणात वाढत जातो.

आकड्यांतच सांगायचं तर, गळती-घर्षण बाजूला ठेवून कागदावर हिशेब मांडला, की ३०० सीसी हवा दहापट दाबायला सुमारे १०० ज्यूल ऊर्जा लागते. १० किलो गव्हाची पिशवी जमिनीवरून मीटरभर उचलण्याइतकी. १२५ सीसीला लागतात ४० ज्यूल, म्हणजे ४ किलोची पिशवी. फार नाही वाटत ना? पण हे काम एका पायाने, अर्ध्या सेकंदाच्या आत आणि हातभर लांबीसुद्धा नसलेल्या दांड्यावर करायचं असतं. शिवाय बऱ्याच कंपन्या १२५ आणि ३०० साठी किकची यंत्रणा जवळपास एकच वापरतात. दांडा तोच, गिअर तेच, ओझं मात्र अडीचपट.

इथवर वाचून ‘म्हणजे ३०० घ्यायचीच नाही’ असं ठरवू नका. कारण हा हिशेब अर्धाच आहे.

ट्रायल्समधल्या बहुतेक गाड्या टू-स्ट्रोक असतात. टू-स्ट्रोकमध्ये सिलेंडरच्या भिंतीलाच धूर बाहेर जायचं भोक असतं. पिस्टन वर जाताना ते भोक झाकेपर्यंत हवा दाबलीच जात नाही, ती सायलेन्सरच्या बाजूने निघून जाते. पिस्टनचा शेवटचा ५५ टक्के प्रवासच हवा दाबतो असं धरलं, तर मगाचे १०० ज्यूल एकदम ४० च्या घरात येतात. म्हणजे ३०० सीसीची टू-स्ट्रोक कागदावर १२५ सीसीच्या फोर-स्ट्रोकइतकीच ‘जड’ ठरते. आपल्याकडे आरएक्स १०० हाताने किक दाबून चालू करणारे महाभाग होते, त्यामागे हेच कारण. गाडी १०० सीसीची, त्यात टू-स्ट्रोक. अडवायला आत फारसं काही नव्हतंच.

त्याच्याही खालच्या टोकाला लुना. ५० सीसीचं इंजिन एवढंसं, की सायकलसारखं पॅडल मारूनच ते चालू व्हायचं.

दुसरी गंमत राजदूत ३५० ची. नाव ऐकून वाटेल, ३५० म्हणजे बुलेटसारखीच किक असणार. पण तिच्यात दोन सिलेंडर, प्रत्येकी १७३ सीसीचे, आणि एकाचा पिस्टन वर असताना दुसऱ्याचा खाली. म्हणजे पायासमोर एका वेळी १७३ सीसीच उभे राहायचे. टाकीवर लिहिलेले सीसी आणि पायाला लागणारे सीसी यांत असा फरक असू शकतो. किकसाठी एका सिलेंडरचा आकार बघायचा, गाडीचा नाही. ट्रायल्समध्ये आता जवळपास सगळ्या गाड्या एकाच सिलेंडरच्या असल्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही, एवढंच.

मग जुन्या बुलेटची किक एवढी बदनाम का? कागदावर बघाल तर ३४६ सीसीच्या लोखंडी इंजिनात हवा फक्त साडेसहापट दाबली जायची. हिशेब केला तर ८० ज्यूलच्या आसपास येतो. पैलवानच लागावा असं त्यात काही नाही. तरीही गावोगावी बुलेटच्या किकने घोटा सुजल्याचे किस्से आहेत.

त्याचं कारण कॉम्प्रेशन नाही, ठिणगी आहे.

पिस्टन अगदी वर पोहोचायच्या थोडं आधीच प्लगमध्ये ठिणगी पडते, कारण पेट्रोल पेटून दाब तयार व्हायला क्षणभर वेळ लागतो. इंजिन वेगात फिरत असेल तर तेवढ्या वेळात पिस्टन वरचं टोक ओलांडून जातो आणि सगळं सुरळीत होतं. पण किक अर्धवट मारली, पाय मध्येच ढिला पडला, तर पिस्टन वर जायच्या आत स्फोट होतो आणि इंजिन उलटं फिरतं. दांडा पायासकट वर उसळतो. यालाच आपण ‘किक उलटी आली’ म्हणतो. सिलेंडर जितका मोठा तितकं आत पेटणारं मिश्रण जास्त, आणि तितका हा फटका जोरात. नडगी, घोटा, गुडघा, जे मध्ये येईल त्याला.

म्हणून तर बुलेटवाल्यांचा तो विधी असायचा. चावी फिरवायची, किक हळूहळू दाबत ॲम्पिअरचा काटा मध्यावर आणायचा, डीकॉम्पचा खटका ओढून आतली हवा सोडायची, पिस्टन वरच्या टोकाच्या जरा पुढे न्यायचा, खटका सोडायचा, दांडा वर आणायचा आणि मग एकच सणसणीत किक. नवख्याला हे सगळं नाटक वाटायचं. पण यात पायाच्या ताकदीचा भाग थोडा आणि पिस्टन कुठे उभा आहे हे ओळखण्याचा भाग मोठा. टोक ओलांडलेल्या पिस्टनला पुढचा अडथळा येईपर्यंत मोकळा रस्ता मिळतो, तेवढ्यात जड फ्लायव्हील वेग घेतं आणि त्या वेगात पुढचं कॉम्प्रेशन पार होतं.

बुलेटचा विषय इथे उगाच घुसडलेला नाही. एकेकाळी ट्रायल्सचं मैदान अशाच मोठ्या, एका सिलेंडरच्या फोर-स्ट्रोक गाड्यांचं होतं. स्कॉटलंडमध्ये १९०९ पासून भरणारी आणि पुढे ‘स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल’ नावाने ओळखली गेलेली स्पर्धा या खेळाची पंढरी मानली जाते. ती १९५२ मध्ये जॉनी ब्रिटन यांनी जिंकली, तीही ३५० सीसीच्या रॉयल एनफिल्डवर. १९५७ मध्ये त्यांनीच ती पुन्हा जिंकली. २०१९ मध्ये रॉयल एनफिल्डने भारतात ‘बुलेट ट्रायल्स’ नावाची गाडी आणली होती, ती याच आठवणीवर. अर्थात तिला किकबरोबर बटणही होतं.

त्या काळात सॅमी मिलर हे बेलफास्टचे रायडर ५०० सीसीची एरियल चालवायचे. १९६४ ची सिक्स डेज त्यांनी तिच्यावरच जिंकली. ५०० सीसीचा एकच सिलेंडर, गाडीचं वजन बरंच घटवूनही ११० किलोच्या आसपास. अशा गाड्यांना हँडलवर ठिणगीची वेळ मागे-पुढे करायची वेगळी दांडी असायची. किक मारताना ठिणगी मागे घ्यायची, गाडी चालू झाली की पुढे सरकवायची. विसरलं की पायाला प्रसाद.

त्याच वर्षाच्या अखेरीस मिलर स्पेनच्या बुल्टाको कंपनीकडे गेले आणि त्यांच्यासाठी शेर्पा टी ही गाडी तयार करून दिली. २४४ सीसी, टू-स्ट्रोक, वजन ९० किलोच्या घरात. १९६५ ची सिक्स डेज त्यांनी हिच्यावर जिंकली. इंजिन अर्ध्यावर आलं, वजन उतरलं, किक सोपी झाली. थोड्याच वर्षांत मोठ्या ब्रिटिश गाड्या या खेळातून जवळपास हद्दपार झाल्या. किक सोपी होती म्हणून हे घडलं असं कुणी म्हणणार नाही. गाडी हलकी होती, हे खरं कारण. पण खडकाळ डोंगरात सहा दिवस रोज अनेकदा गाडी चालू करायची असेल, तर वाचलेली ताकद कुठेतरी कामाला येतेच.

आजच्या ट्रायल्स बाईकमध्ये उलट्या किकचा धोका बराच कमी झालाय. इलेक्ट्रॉनिक इग्निशन कमी वेगात ठिणगी उशिरा टाकतं, तर काही इंजिनांत वेग फारच कमी असेल तर टाकतच नाही. पण मोठ्या इंजिनाची एक अडचण उरतेच, आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. बॅटरी नसल्यामुळे ठिणगीची वीजही किकमधूनच तयार होते. फ्लायव्हीलवरचे चुंबक जितक्या वेगात फिरतील तितकी ठिणगी सणसणीत. ३०० सीसीचं इंजिन आधीच फिरवायला जड, त्यामुळे हलक्या माणसाच्या पायाने ते हळू फिरतं, आणि हळू फिरलं की ठिणगीही मिणमिणती. एका जडपणाची शिक्षा दोनदा भोगावी लागते.

यात सगळ्यात वेगळी केस फोर-स्ट्रोकची. माँटेसा कंपनीची २००५ साली आलेली कोटा ४आरटी २५० सीसीची, फ्युएल इंजेक्शनची आणि तरीही बिनबॅटरीची. म्हणजे एका किकमध्ये क्रँक फिरून वीज तयार व्हायला हवी, तिच्यावर छोटा कॉम्प्युटर जागा व्हायला हवा, पेट्रोलच्या पंपाने दाब धरायला हवा, इंजेक्टरने फवारा सोडायला हवा आणि शेवटी ठिणगी पडायला हवी. अशा गाडीला दहा अर्धवट किका मारल्या तर दहाही वाया जातात. ॲक्सिलरेटरला हात न लावता, कॉम्प्रेशन शोधून, एकच लांब आणि पूर्ण किक मारली की काम होतं. माँटेसाच्या फोर-स्ट्रोक गाड्यांवरच टोनी बोऊ या स्पॅनिश रायडरने २००७ ते २०२४ सलग १८ वर्षं मैदानी आणि इनडोअर अशी दोन्ही जागतिक विजेतेपदं जिंकली. तेव्हा किक त्रासदायक म्हणून गाडी वाईट, असं काही समीकरण नाही.

आता उंचीचा मुद्दा. ट्रायल्स बाईक बुटकी असते खरी, पण किकचा दांडा वर, जवळजवळ गुडघ्यापाशी सुरू होतो. तो आखूडही असतो, कारण चालवताना पायात येऊन चालणार नाही. बुटक्या माणसाला पाय दुमडून वर न्यावा लागतो आणि दुमडलेल्या पायात सुरुवातीला जोर कमी असतो. म्हणून असे रायडर गाडी एखाद्या दगडाच्या किंवा उंचवट्याच्या कडेला आणतात, दुसरा पाय त्यावर ठेवतात आणि मग मांडीच्या जोराऐवजी अंगाचं वजन दांड्यावर टाकतात. ६० किलोचा माणूस दांड्यावर उभा राहून १५ सेंटीमीटर खाली गेला, तर जवळपास ९० ज्यूल मिळतात. म्हणजे टू-स्ट्रोक ३०० ला वजन पुरेसं आहे, फक्त ते धसमुसळेपणाने आपटायचं नाही. दांड्याचा खेळ संपून गिअर पकडल्याचं जाणवेपर्यंत हळू, तिथून पुढे शेवटपर्यंत एका दमात. वरून लाथ घातली की आतल्या किकच्या गिअरचे दातच आधी जातात, आणि ते काम इंजिन उघडून करावं लागतं.

मग सरळ १२५ घेऊन टाकावी का? किकच्या बाबतीत नक्कीच सोपी. पण तिला खालच्या वेगात दम कमी. दगडावर चढताना क्लच जरा चुकला, ॲक्सिलरेटर जरा कमी पडला की बंद. ३०० मात्र धकधक करत, जवळजवळ आयडलिंगवर चढून जाते. परिणामी १२५ वाल्याला हलक्या किका मारायच्या, पण जास्त वेळा. दिवसाच्या शेवटी कुणाचा पाय जास्त दुखेल हे किकच्या जडपणाइतकंच रायडरच्या क्लचच्या बोटावर ठरतं. शिकणारा चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा असेल तर १२५ योग्यच. वजनाने हलक्या मोठ्या माणसासाठी २५० हा बरा मध्यम मार्ग, दम भरपूर आणि किक ३०० पेक्षा थोडी तरी हलकी. आणि ३०० च हवी असेल, तर बऱ्याच मॉडेलांना कमी कॉम्प्रेशनचं हेड बसवता येतं. त्याने किकही मऊ होते आणि ॲक्सिलरेटर दिल्यावर गाडी अंगावरही येत नाही.

जुनी गाडी बघायला जाणाऱ्यांसाठी तिकडचे जाणते एक सल्ला देतात, तो आपल्याकडे जुनी बुलेट किंवा यझदी घेणाऱ्यालाही लागू पडतो. विकणाऱ्याला आधीच सांगायचं, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर इंजिनाला हात लावून थंड आहे ना बघायचं आणि पहिली किक स्वतः मारायची. दांडा अलगद खाली गेला, अडथळाच लागला नाही, तर खूश व्हायचं नाही. कॉम्प्रेशन गळतंय, रिंग किंवा पिस्टन गेलाय, असा त्याचा अर्थ असू शकतो. मग गाडी गरम करून बंद करायची आणि दोन मिनिटांनी पुन्हा किक मारायची. थंड असताना एका किकमध्ये उठणारी गाडी गरम झाल्यावर दहा किका घेत असेल, तर टप्प्यात बंद पडल्यावर ती असंच छळणार. आणि पडल्यामुळे पेट्रोल ओव्हर होऊन प्लग ओला झाला असेल, तर चोकच्या वाटेला जायचं नाही. पेट्रोलचा कॉक बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा, चार-पाच सावकाश पण पूर्ण किका. आतलं जास्तीचं पेट्रोल निघून गेलं की गाडी भडभडून उठते. उठली की लगेच ॲक्सिलरेटर सोडायचा आणि कॉक उघडायचा.